चुका दाखवणाऱ्यांच्या सोबतीने घडलेला वक्ता

दहा हजार माणसांत एखादाच वक्ता निपजतो, असे संस्कृत सुभाषितकार सांगून गेला. त्यामुळेच की काय, वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे, ती लाभली तर लाभली, नाही तर माणसाने व्यासपीठाच्या वाटेला जाऊ नये, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. उत्तम वक्त्याचे भाषण ऐकून आपण भारावतो, टाळ्या वाजवतो आणि घरी परततो. त्या भाषणामागे किती कच्चे खर्डे फाडले गेले, किती आकडे पुन्हा पुन्हा तपासले गेले आणि किती जणांनी वक्त्याला त्याच्या चुका तोंडावर सांगितल्या, हे श्रोत्यांना सहसा दिसत नाही.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी केलेल्या भाषणांनी व्हाइसरॉयपासून अर्थखात्याच्या सभासदापर्यंत सर्वांना उत्तर देण्यास भाग पाडले. परंतु हा वक्ता एकट्याने घडलेला नव्हता. त्याला घडवणारी माणसे होती, आणि त्यांचे ऐकून घेण्याची तयारी त्याच्यापाशी होती. आयुष्यात एकदाच या माणसांपासून दूर असताना त्यांनी अपुऱ्या आधारावर तोंड उघडले आणि त्याची जबर किंमत मोजली.

प्रत्येक चुकीला एक आणा

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरजवळच्या कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ मध्ये ते निवर्तले, तेव्हा गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत बाकीचे घर चाले. या ऋणाची जाणीव गोखल्यांनी जन्मभर बाळगली.

त्यांच्या शाळेतली एक गोष्ट महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. गणिताचे अवघड उदाहरण बरोबर सोडवल्याबद्दल गुरुजींनी शाबासकी दिली, तेव्हा हा मुलगा रडू लागला. कारण ते उदाहरण त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवले होते. गोष्टीचा तपशील काहीही असो, आपल्या वाट्याचे नसलेले श्रेय घ्यायचे नाही हा स्वभाव पुढे त्यांच्या पत्रव्यवहारातही दिसतो.

कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. या काळातली त्यांची एक आठवण सांगितली जाते. इंग्रजी भाषा जिभेवर बसावी म्हणून ते बर्क, मिल्टन, स्कॉट यांच्या ग्रंथांतील पानेच्या पाने मुखोद्गत करीत. पाठांतर झाले की पुस्तक मित्राच्या हाती देत आणि सापडलेल्या प्रत्येक चुकीमागे त्याला एक आणा देण्याचे कबूल करीत. महिन्याच्या आठ रुपयांत शिकलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला दिवसाकाठी जेमतेम चार आणे येत. त्यातला एक आणा चुकीपायी जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. परंतु चूक दाखवणाऱ्याला आपणच मोबदला द्यायचा, ही कल्पना त्यांच्या पुढील आयुष्याशी चांगलीच जुळते.

१८८५ मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. त्याच १८८६ साली कोल्हापुरात ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थान या विषयावर त्यांनी इंग्रजीत व्याख्यान दिले. वीस वर्षांच्या तरुणाचे भाषेवरील प्रभुत्व पाहून उपस्थितांनी त्यांची वाहवा केली. वयाच्या विशीत अशी वाहवा मिळाली की पुष्कळांची वाढ तिथेच थांबते. गोखल्यांच्या बाबतीत तसे घडले नाही, कारण लवकरच त्यांची गाठ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी पडली.

रानड्यांची तालीम

रानडे त्या वेळी पुण्यात न्यायखात्यात होते आणि १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे सारे बौद्धिक काम त्यांच्या विचाराने चाले. १८८७ च्या सुमारास गोखले त्यांच्या सहवासात आले आणि १९०१ मध्ये रानडे वारेपर्यंत ते त्यांचे शिष्य राहिले. सभेच्या इंग्रजी त्रैमासिकाचे संपादन त्यांच्याकडे आले, १८९० पासून सभेचे चिटणीसपदही आले. सरकारच्या एखाद्या धोरणावर सभेचा अर्ज लिहायचा, तर आधी सरकारी अहवालांचे ढीग वाचायचे, आकडे काढायचे, सारांश करायचा आणि मग मसुदा रानड्यांपुढे ठेवायचा, अशी ही तालीम होती. रानडे मसुदा बारकाईने पाहत. विधानाला आधार कोणता, आकडा कोठून घेतला, सरकारपक्षाला यावर काय म्हणता येईल, याची उत्तरे लेखकापाशी तयार असावी लागत. ती नसली तर मसुदा परत जाई आणि काम पुन्हा सुरू होई.

रानड्यांचा स्वभाव तोंडभर स्तुती करण्याचा नव्हता, आणि गोखल्यांचा स्वभाव मुळात हळवा होता. वर्तमानपत्रांतली कठोर टीका त्यांना लागे, तिने ते दिवसेंदिवस अस्वस्थ राहत, असे त्यांना ओळखणाऱ्यांनी नमूद केले आहे. अशा माणसाने चौदा वर्षे एका काटेकोर परीक्षकापुढे आपले लेखन ठेवावे, ही गोष्ट वरवर दिसते तितकी सोपी नव्हती. परंतु गोखल्यांनी टीकेतला एक भेद ओळखला होता. आपले काम चांगले व्हावे या इच्छेने दाखवलेली चूक आणि आपण खाली पडावे या इच्छेने दाखवलेली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी त्यांनी दार सदैव उघडे ठेवले. दुसरीने ते जन्मभर घायाळ होत राहिले.

याच काळातला एक प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच सांगितला. मोठ्या कष्टाने तयार केलेल्या अर्जाला सरकारकडून दोन ओळींचे कोरडे उत्तर येई, आणि मग एवढ्या श्रमांचा उपयोग काय, असा प्रश्न तरुण गोखल्यांना पडे. रानड्यांनी त्यांना समजावले, की हे अर्ज नावापुरते सरकारला उद्देशून असतात. खरे पाहता ते आपल्याच लोकांसाठी लिहायचे असतात, कारण सार्वजनिक प्रश्नांवर विचार कसा करावा हे लोकांना अजून शिकायचे आहे. आपण कोणाशी बोलत आहोत हे वक्त्याने ओळखले पाहिजे, हा धडा त्यांना इथे मिळाला. पुढे कायदेमंडळात ते बोलत तेव्हा समोर सरकारी सभासदांचे बहुमत असे आणि ठराव हरणार हे ठरलेले असे. तरीही त्यांची भाषणे कधी हताश वाटत नाहीत, याचे मूळ रानड्यांच्या या शिकवणुकीत आहे.

लंडनची साक्ष

१८९३ मध्ये रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती होऊन मुंबईला गेले, पण मार्गदर्शन थांबले नाही. शिवाय आणखी एक जाणकार पाठीशी होता. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी हायस्कुलात हेडमास्तर होते. सरकारी नोकरीमुळे त्यांना उघडपणे राजकारणात पडता येत नसे, परंतु हिंदुस्थानच्या जमाखर्चाची इतकी बारीक माहिती असलेला दुसरा माणूस त्या वेळी महाराष्ट्रात क्वचितच असेल. सभेच्या त्रैमासिकात त्यांचे अभ्यासपूर्ण लेख निनावी प्रसिद्ध होत.

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने १८९५ मध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यापुढे साक्ष देण्यासाठी १८९७ मध्ये गोखल्यांची निवड झाली. वय तिशीच्या आतबाहेर, विलायत कधी पाहिलेली नाही, आणि समोर उलटतपासणी घेणारे मुरलेले माजी अधिकारी! लेखी निवेदनाची तयारी रानडे, जोशी आणि गोखले यांनी मिळून केली. आकडे तिघांच्या नजरेखालून गेले. कोणता प्रश्न कोठून येईल आणि त्याला काय उत्तर द्यावे, याचाही विचार झाला.

दिनशा वाच्छा यांच्यासमवेत गोखले निघाले. वाटेत फ्रान्समधील कॅले येथे पडून त्यांच्या छातीला मार बसला आणि लंडनमध्ये पोचल्यावर काही काळ त्यांना अंथरूण धरावे लागले. तरीही एप्रिल महिन्यात ते आयोगापुढे उभे राहिले. मुंबई इलाख्यात मोठ्या हुद्द्यांवर राहिलेले सर जेम्स पील यांच्यासारखे सभासद प्रश्न विचारीत होते. गोखल्यांनी शांतपणे, आकड्यांनिशी उत्तरे दिली. सर विल्यम वेडरबर्न यांनी साक्षीची मनापासून प्रशंसा केली.

ही प्रशंसा गोखल्यांनी जोशींना पत्राने कळवली, आणि तिचे खरे धनी जोशी व रानडे आहेत, आपण केवळ मध्यस्थ आहोत, असा भाव त्यात व्यक्त केला. गणिताच्या शाबासकीने रडू फुटलेला मुलगा या पत्रात पुन्हा भेटतो. पण या पत्रात विनयाच्या जोडीला एक वस्तुस्थितीही होती. लंडनमध्ये यशस्वी झालेले प्रत्येक उत्तर पुण्या-मुंबईत आधीच कसाला लागलेले होते.

तपासणीवाचून उच्चारलेले शब्द

आणि त्याच लंडनमुक्कामात, अवघ्या काही आठवड्यांत, गोखल्यांच्या आयुष्यातला सर्वांत कडवट प्रसंग घडला.

पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रोगी हुडकण्यासाठी प्लेग अधिकारी रँड यांच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरत होते. सामान फेकले जाई, देवघरे विटाळली जात, बायकामाणसांची अप्रतिष्ठा होई, अशा तक्रारींनी शहर धुमसत होते. पुण्याच्या स्नेह्यांची पत्रे लंडनमध्ये गोखल्यांच्या हाती पडत होती. सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले व त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, असा मजकूर त्यांत आला. हे वाचून गोखले हादरले. त्यांनी तो आरोप मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्राच्या प्रतिनिधीपाशी आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे मांडला. त्याच सुमारास, २२ जून १८९७ च्या रात्री, पुण्यात रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. वातावरण तापले. मुंबई सरकारने आरोपाचा साफ इन्कार केला आणि पुराव्याची मागणी झाली.

ज्या माणसाने आयोगापुढे एकही आकडा दोन जाणकारांच्या नजरेखालून घातल्याशिवाय उच्चारला नव्हता, त्याने या वेळी केवळ पत्रांवर विसंबून अत्यंत गंभीर विधान केले होते. हेतूत खोट नव्हती. लिहिणारी माणसे विश्वासू होती आणि संताप खरा होता. पण या बातमीला आधार काय, आपल्याला ती सिद्ध करता येईल काय, साक्षीदार पुढे येतील काय, हे रानड्यांचे नेहमीचे प्रश्न विचारायला रानडे जवळ नव्हते, आणि गोखल्यांनी ते स्वतःला विचारले नाहीत.

परतीच्या प्रवासात, पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड होऊ नयेत, अशी विनवणी त्यांच्यापर्यंत पोचली. नावे सांगितली असती तर त्या माणसांवर सरकारचा रोष ओढवला असता. पुरावा देणे याप्रमाणे अशक्य झाले. जुलैच्या अखेरीस बोट मुंबईला लागली, तेव्हा पोलीस अधिकारी बोटीवरच त्यांची गाठ घ्यायला आले. शहरातही हवा बदललेली होती. २७ जुलै रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती.

गोखल्यांनी चौकशी केली. आरोप शाबीत करता येणार नाही, हे स्पष्ट झाले. रानड्यांसारख्या वडीलधाऱ्यांशी विचारविनिमय करून त्यांनी आपले विधान बिनशर्त मागे घेतले आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट, प्लेगच्या कामावरील सैनिक या सर्वांची जाहीर माफी मागितली. माफीपत्र वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले.

त्याचे परिणाम भयंकर होते. टिळकांनी माफी मागायचे नाकारले आणि अठरा महिन्यांची शिक्षा पत्करली. गोखल्यांनी माफी मागितली आणि ते सुटले. लोकांच्या मनात ही तुलना ठसली. दोन्ही प्रकरणे वेगळी आहेत, एकात स्वतःच्या मताचा प्रश्न होता व दुसऱ्यात सिद्ध न होणाऱ्या घटनेचा, हे समजून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. इंग्लंडमधील हितचिंतकांनाही माफीची भाषा फार नमती वाटली. डिसेंबरमध्ये अमरावतीला भरलेल्या काँग्रेसमध्ये, काही महिन्यांपूर्वी ज्यांचे कौतुक झाले असते त्या गोखल्यांचे स्वागत थंडपणे झाले.

या प्रसंगाकडे आज पाहताना दोन गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात. प्लेगच्या तपासणीत पुणेकरांचा छळ झाला होता, हे खरे आहे. आणि गोखल्यांचे ते विशिष्ट विधान त्यांना सिद्ध करता आले नाही, हेही खरे आहे. त्या एका विधानाच्या माघारीने लोकांच्या इतर खऱ्या तक्रारींचेही वजन सरकारदरबारी घटले. वक्त्याच्या एका असिद्ध शब्दाची शिक्षा एकट्या वक्त्याला होत नाही. ज्यांच्या वतीने तो बोलतो त्यांनाही ती भोगावी लागते. गोखल्यांना खरे शल्य होते ते याचे.

पुन्हा अभ्यासाकडे

असे काही घडल्यावर माणसे दोनच वाटा धरतात. एक तर सार्वजनिक जीवनातून निवृत्त होतात, नाही तर टीकाकारांवर उलटतात. गोखल्यांनी यांपैकी काहीच केले नाही. प्लेगच्या पुढच्या साथीत ते स्वयंसेवक म्हणून पुण्याच्या वस्त्यांतून हिंडले. फेब्रुवारी १८९८ मध्ये त्यांनी स्वतःपुरता एक संकल्प लिहून ठेवला. इतिहास, तत्त्वज्ञान आणि इतर शास्त्रांचा नेटाने अभ्यास करायचा, आधी मुंबईच्या व नंतर वरिष्ठ कायदेमंडळात जायचे आणि देशसेवा करायची, असा त्याचा आशय होता. जाहीर मानहानीनंतर अवघ्या सहा महिन्यांत हा माणूस स्वतःसाठी अभ्यासक्रम आखत होता.

१८९९ च्या अखेरीस ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. १९०१ च्या जानेवारीत रानड्यांचे निधन झाले आणि पाठीवरचा मोठा हात गेला. त्यानंतर फिरोजशहा मेहता यांनी मोकळ्या केलेल्या जागेवर गोखले वरिष्ठ कायदेमंडळात पोचले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी तेथे अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले.

या भाषणाआधी त्यांनी गणेश व्यंकटेश जोशींकडे पुन्हा मदत मागितली होती, हे त्यांच्या पत्रांवरून दिसते. सरकारी तिजोरीत शिल्लक पडत होती आणि सरकारपक्ष त्यालाच देशाच्या भरभराटीचा पुरावा मानत होता. गोखल्यांनी दाखवून दिले, की ही शिल्लक भरभराटीतून आलेली नाही. रुपयाचा भाव कृत्रिमपणे चढवल्यामुळे आणि कर चढे ठेवल्यामुळे ती पडली आहे, आणि तीही देश दुष्काळाने पिचलेला असताना. भाषणात संताप होता, पण प्रत्येक वाक्यामागे आकडा होता आणि प्रत्येक आकड्यामागे सरकारचेच छापील कागद होते. आरोप करावा तो प्रतिपक्षाच्याच पुराव्यावर, ही त्यांची पद्धत त्या दिवसापासून कायदेमंडळाला परिचित झाली. १८९७ ची ठेच त्यांनी अशी उपयोगात आणली.

त्यांचा आवाज सभा गाजवणारा नव्हता, हातवारेही ते फारसे करीत नसत. तरी त्यांच्या भाषणाकडे सरकारी बाकांवरचे लोक कान देऊन असत. वर्षामागून वर्षे मिठावरच्या कराचा प्रश्न त्यांनी लावून धरला. १८९० मध्ये काँग्रेसच्या व्यासपीठावरही ते याच विषयावर बोलले होते. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. याचे सारे श्रेय एका वक्त्याला देणे बरोबर नाही; परंतु दर साली नव्या आकड्यांनिशी उठणारा हा आवाज सरकारला दुर्लक्षिता आला नाही, हेही तितकेच खरे.

विरोधकांच्या आक्षेपांचा उपयोग

स्नेह्यांचे ऐकणे एक वेळ सोपे, विरोधकांचे आक्षेप शांतपणे वेचून त्यांतले घेण्याजोगे घेणे अवघड. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या प्रश्नावर गोखल्यांनी तेही करून दाखवले. मार्च १९१० मध्ये त्यांनी या विषयावर ठराव मांडला आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर मागे घेतला. त्या चर्चेत पुढे आलेले आक्षेप त्यांनी नजरेआड केले नाहीत. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक मांडले, तेव्हा त्यातली सक्ती जपून आखलेली होती. ती लागू करायची की नाही हे स्थानिक संस्थांनी ठरवायचे होते, त्यालाही सरकारची पूर्वसंमती लागणार होती, आणि प्रारंभ सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांपासून व्हायचा होता.

विधेयक देशभर मतांसाठी फिरवण्यात आले. वर्षभर अभिप्राय येत राहिले; अनुकूल आले, प्रतिकूलही आले, आणि विरोध करणाऱ्यांत हिंदी सभासदही होते. मार्च १९१२ मधील चर्चेत गोखल्यांनी हे आक्षेप क्रमाने घेऊन त्यांना उत्तरे दिली. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. विधेयकाच्या बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ मते पडली.

ते हरले, पण खचले नाहीत. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशाची सेवा करणे आले आहे, अशी त्यांची धारणा होती. हे अर्ज लोकांसाठी असतात, ही रानड्यांची जुनी समजूत त्यांच्या मनात अजून जागी होती. ते भाषण समोरच्या ३८ जणांपेक्षा पुढच्या पिढ्यांना उद्देशून होते.

जोहान्सबर्गची सभा

त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९१२ रोजी, गोखले दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला उतरले. तेथील हिंदी लोकांच्या लढ्याचे पुढारी मोहनदास करमचंद गांधी गोखल्यांना गुरुस्थानी मानत. या दौऱ्यात ते सावलीसारखे त्यांच्याबरोबर होते. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात गांधींनी गोखल्यांच्या तयारीचे वर्णन करून ठेवले आहे. लहानशा समारंभातले भाषण असले तरी ते आधी त्याचा विचार करीत, शब्द बदलीत, झोप मोडून टिपणे काढीत. एवढ्या श्रमांची गरज काय, असे शिष्याला वाटे. पण अर्धवट विचार केलेले काहीही लोकांपुढे बोलायचे नाही, हा गुरूचा नेम होता. १८९७ चा उन्हाळा ज्याने सोसला, त्याचा हा नेम होता.

जोहान्सबर्गला हिंदी लोकांच्या सभेत कोणत्या भाषेत बोलावे, असा प्रश्न निघाला. गोखल्यांचे वक्तृत्व इंग्रजीत घडलेले. इंग्रजीत बोलणे त्यांना सर्वांत सोयीचे होते. गांधींनी त्यांना मराठीत बोलण्याची सूचना केली. सभेला कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू येणार होते, गोखल्यांनी मराठीत बोलावे अशी त्यांची इच्छा होती, आणि हिंदुस्थानीत भाषांतर करण्याची जबाबदारी गांधी स्वतः घ्यायला तयार होते. गोखल्यांना हसू आले. गांधींचे हिंदुस्थानी किती, ते त्यांना ठाऊक होते. मग मराठीचे भाषांतर हे कसे करणार? गांधींनी आग्रह सोडला नाही. विषय आपल्या परिचयाचा आहे, मराठीचा आशय आपण पकडू शकू, असे त्यांचे म्हणणे होते.

गोखल्यांचे वय तेव्हा ४६ होते. काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी १९०५ मध्येच भूषवलेले होते आणि साम्राज्याच्या मोठमोठ्या सभांतून ते गाजलेले होते. तरी भाषण कोणासाठी आहे हे शिष्याने दाखवून दिल्यावर त्यांनी आपली सोय बाजूला ठेवली. त्या सभेत ते मराठीत बोलले. गांधींचे भाषांतरही त्यांच्या पसंतीस उतरले. आणि त्यानंतर, झांझिबारपर्यंतच्या उरलेल्या प्रवासात, हिंदी लोकांच्या सभांतून ते मराठीतच बोलत राहिले. कोतळूकच्या या सुपुत्राला आपल्या मायबोलीत बोलायला लावणारा माणूस गुजराती होता, ही आपल्या इतिहासातली एक हृद्य घटना आहे.

आधी ऐकणे, मग बोलणे

आपण जे शिकलो ते पुढच्यांसाठी संस्थेच्या रूपाने उभे करावे, असा गोखल्यांचा प्रयत्न होता. १२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. अभ्यास करायचा, देश हिंडायचा, वडील सभासदांच्या देखरेखीखाली काम करायचे. या काळात स्वतःच्या मताने जाहीर भाषणे देण्याची वा लेख लिहिण्याची मोकळीक सहसा नसे. उत्साही तरुणांना ही अट जाचक वाटली असेल. पण ती घालणाऱ्याने बोलण्याची किंमत अनुभवलेली होती.

जानेवारी १९१५ मध्ये गांधी मायदेशी परतले, तेव्हा गोखल्यांनी त्यांनाही हाच सल्ला दिला. वर्षभर देश पाहावा, लोकांचे ऐकावे, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये. गांधींनी तो शिरोधार्य मानला. गुरूला मात्र त्या वर्षाचा शेवट पाहता आला नाही. मधुमेहाने आणि अतिश्रमाने पोखरलेले शरीर १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात निमाले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती.

अंत्ययात्रेला पुणे लोटले. टिळक सिंहगडावर होते; वृत्त कळताच ते उतरून आले. पंचवीस वर्षांचे मतभेद, सार्वजनिक सभेतले सत्तांतर, सुरतेची फूट, एवढे सारे मागे टाकून त्यांनी स्मशानात गोखल्यांचा गौरव केला आणि लोकांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितले. जन्मभर गोखल्यांच्या चुका जाहीरपणे दाखवणाऱ्या माणसाने दिलेली ही अखेरची पावती होती.

आज व्यासपीठे वाढली आहेत आणि बोलणारेही उदंड झाले आहेत. शाळा-कॉलेजांतल्या वक्तृत्व स्पर्धांना उत्साही मुलांची गर्दी असते. निकाल लागला की बक्षीस मिळालेली मुले आनंदात आणि न मिळालेली मुले खिन्न होऊन घरी जातात. परीक्षकापाशी थांबून आपले कोठे चुकले हे विचारणारा एखादाच निघतो. त्या एखाद्याला गोखल्यांचे चरित्र अवश्य वाचायला द्यावे. मित्राच्या हाती पुस्तक देऊन चुकीगणिक आणा मोजणारा विद्यार्थी, गुरूपुढे पुन्हा पुन्हा मसुदा ठेवणारा तरुण, जाहीर माफीनंतर पुन्हा अभ्यासाला बसणारा पुढारी आणि शिष्याच्या सांगण्यावरून सभेची भाषा बदलणारा नामदार, या चारही अवस्थांत त्याला एकच माणूस भेटेल.